तुळईवरचा शके आणि बुजवलेल्या खाचा: गावातल्या लाकडी घराचे वय कसे काढायचे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. कुठे गैरसमज झाला असेल तर तिथेच टोका. वाई तालुक्यातल्या गावात तुमचे वडिलोपार्जित घर आहे. पुढे सोपा, मग चौक, चौकापलीकडे माजघर नि देवघर, मागे पडवी आणि परसू, सोप्यावर माडी. आजोबा सांगायचे की घर तीनशे वर्षांचे, साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या वेळचे. माडीखालच्या मोठ्या तुळईवर शके कोरलेला आहे. काका तो १७१५ वाचतात, तुमची बहीण १८१५. कौलांवर इंग्रजी आकड्यांत १८६५ उमटलेले आहे. आणि ठेकेदार म्हणतो, "शंभराच्या वर वय नाही, उतरवून टाका, जुन्या सागवानाला भाव आहे." यांतले खरे कोणते, असे तुम्ही विचारता.

सगळ्यांचे थोडे थोडे खरे असू शकते, कारण प्रत्येक जण वेगळ्या वस्तूबद्दल बोलतोय. आजोबा बहुधा जागेबद्दल बोलत होते, तुळई माडीबद्दल सांगते, कौल कारखान्याबद्दल, आणि ठेकेदार स्वतःच्या ट्रकबद्दल.

अशा घराला एकच एक वय नसते, ही खरी अडचण आहे. लाकडी सांगाड्याचे घर सुटे होते. जोत्यावर दगडी उथळे, उथळ्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यावर मातीचा थर. वर आढे, वासे, रिपा (कौले टेकतात त्या आडव्या पट्ट्या), कौले. जोड बहुतेक कुसवाचे: एका लाकडाचे कुसू, म्हणजे टोकाला काढलेली जीभ, दुसऱ्याच्या खाचेत बसलेले, फार तर वरून एखादी लाकडी खुंटी ठोकलेली. म्हणजे चार सुतार आणि आठ गडी मिळाले की अख्खा सांगाडा उतरवून दुसरीकडे उभा करता येतो, आणि आपल्याकडे ते सर्रास केले जायचे. भिंती मधे किंवा बाहेरून भरलेल्या असतात. बाहेरची जाड भिंत थोडाफार भार घेतेही, पण घर मुख्यतः उभे असते ते खांबांवर. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हे फार वाईट तऱ्हेने सिद्ध झाले. दगडमातीच्या भिंती कोसळल्या, माणसे गेली. पण जिथे खणांचा लाकडी सांगाडा नीट जोडलेला होता, तिथे भिंती पडूनही माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, खांबांवर तसेच राहिल्याचे अनेक घरांत दिसले.

तेव्हा तुमच्या घरात भिंत खांबापेक्षा तरुण असू शकते, खांब उथळ्यापेक्षा तरुण, आणि तुळई या सगळ्यांपेक्षा म्हातारी. म्हणून मी सनाच्या मागे लागत नाही. आधी क्रम लावतो: कशाच्या आधी काय, कशाच्या नंतर काय. क्रम पक्का झाला की एखाददुसरा सन त्यात आपोआप जागेवर बसतो. उलट्या बाजूने गेले की घोळ होतो. एक सन सापडतो आणि सगळे घर त्याला बांधले जाते.

आता तुळईवरचा शके. काका आणि बहीण यांचा वाद मिटवता येतो, आणि त्यासाठी घरी येण्याचीही गरज नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत आकड्यांच्या पुढे "विजयनाम संवत्सरे" अशी अक्षरे आहेत. "विज" तर अगदी स्पष्ट आहे. आपल्याकडच्या पंचांगात साठ संवत्सरांचे चक्र शकाबरोबर चालते. शके १८१५ हे विजयनाम संवत्सर होते. शके १७१५ ला प्रमादी येते. ताळा करायचा तर २०१३ च्या पाडव्याला लागलेला शके १९३५ आठवा. तेही विजयनामच होते, आणि त्यातून दोन फेऱ्यांची १२० वर्षे वजा केली की १८१५ उरतात. शंभर वर्षांच्या अंतरावर तेच नाव कधीच येत नाही, त्यामुळे सात की आठ, हा वाद संवत्सराच्या नावावर सुटतो. उत्तरेत विक्रम संवताबरोबर लिहिले जाणारे संवत्सर वेगळे पडते. तो तक्ता इथे लावू नका. बहीण बरोबर आहे. शकात ७८ मिळवले की १८९३. पुढची तिथी धुळीखाली आहे. ती मार्गशीर्षाच्या शेवटच्या आठवड्यातली किंवा पौष-माघ-फाल्गुनातली निघाली तर १८९४ धरा.

काकांना सांगताना मात्र घाई करू नका, कारण ते हरले असे अजून ठरलेले नाही. शके कोरतात ते बहुधा तुळई चढवल्यावर किंवा काम पुरे झाल्यावर. ते काम नवे घर असेल, माडी असेल किंवा जळालेल्या घराची उभारणी असेल. म्हणजे १८९३ ला या तुळईशी काहीतरी मोठे घडले, एवढेच आपल्याला ठाऊक आहे.

काय घडले याचा धागा तुमच्या तिसऱ्या फोटोत आहे, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही. "विजय" मधल्या "य" पाशी लाकडाचा रंग आणि रेषा बदलतात. साधारण चार बोटे लांबीचा आयताकृती तुकडा तुळईत बसवलेला आहे. "य" ची उभी रेघ त्या तुकड्यावरून न तुटता खाली गेली आहे. तसाच दुसरा तुकडा डावीकडे, फोटोच्या कडेला अर्धा दिसतो.

या तुकड्यांना मी खाचेची बुजवणी समजतो. आता क्रम बघा. कोणीतरी या लाकडाला कुसवासाठी खाच घेतली. ती वापरली. मग तुळई तिथून निघाली, खाच रिकामी पडली. पुढे ती बुजवली, वाकसाने, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराने, वरचा भाग सपाट केला, आणि शेवटी त्यावर अक्षरे कोरली. म्हणजे अक्षरे १८९३ ची, पण तुळई त्याआधी दुसरीकडे, निदान दुसऱ्या स्थितीत, काम करत होती. शिवाय खाच आता तुळईच्या बाजूच्या अंगावर, चौकाच्या दिशेला आहे. खांबाचे कुसू तुळईत शिरते ते खालून. तेव्हा ही तुळई पहिल्या घरात आज तुम्हाला दिसणाऱ्या अंगावर पालथी बसलेली असावी आणि दुसऱ्यांदा बसवताना सुताराने तिची कूस बदलली. असे ते मुद्दाम करत. वर्षानुवर्षे भार सोसून खाली झोळ आलेले लाकूड फिरवून घेतले की झोळ आडवा होतो, आणि ताजे अंग भाराखाली येते.

सगळ्याच मोकळ्या खाचा अशा बोलक्या नसतात, हेही सांगायला हवे. गावातल्या घरात खांबांना भोके कशाकशासाठी पाडतात! कठड्याचे आडवे दांडे, पडद्याची काठी, खुंट्या, पाळण्याचे आकडे, मधली कुडाची भिंत. त्यामुळे मी भोक दिसले की तीन गोष्टी बघतो. एक, भाराची खाच खोल असते आणि तिच्या कडा किकऱ्याने (सुताराच्या छिन्नीने) काटकोनात घेतलेल्या असतात. खुंटीचे भोक उथळ आणि गोलसर. दुसरे, भार आलेला असेल तर खाचेभोवतीचे लाकूड दाबले गेलेले असते, तिथे खांबाच्या डोक्याचा ठसा उमटलेला असतो. तिसरे आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे अंतर. एकटी खाच काहीही असू शकते; ठरावीक अंतराने येणाऱ्या खाचा म्हणजे हरवलेल्या खांबांची ओळ.

ते अंतर म्हणजे खण. तुमच्या आजीला विचारा, ती घर चौरस फुटांत सांगणार नाही. "सोपा पाच खणांचा" असे सांगेल. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घर वाढायचे खणांनी आणि भावांत वाटले जायचे तेही खणांनी. एका वेळी, एका सुताराने उभारलेल्या भागात खणाचे माप सहसा सारखे असते. साधारण चार ते सहा फुटांच्या आसपास, लाकूड किती लांब मिळाले त्यावर. घर फिरताना खणाचे माप जिथे अचानक बदलते, तिथे मी थांबतो. तिथे काळ बदललेला असतो, किंवा मालक, किंवा निदान लाकडाचा पुरवठा.

तेव्हा पहिले काम हे: तुळईवरच्या दोन बुजवण्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर मोजा. मग माजघरातल्या आणि मागच्या पडवीतल्या खांबांचे अंतर मोजा, तेही मध्यापासून मध्यापर्यंत. दोन्ही मापे जुळली तर ही तुळई बहुधा तुमच्याच जुन्या घराची आहे. आधी घर बैठे होते, १८९३ ला पुढचा भाग उतरवून माडीसह पुन्हा उभारला, आणि मागचा भाग तसाच राहिला. जुळली नाहीत तर लाकूड बाहेरून आलेले असू शकते. हेही अजिबात दुर्मीळ नव्हते. पेशवाई गेल्यावर ज्या घरांची मिळकत आटली, त्यांचे वाडे उतरवून लाकूड विकले गेले. पुढे १८७८ चा वनकायदा आला, सरकारी जंगले राखीव झाली, आणि नवे सागवान तोडून आणणे खेड्यातल्या माणसाला पूर्वीइतके सोपे राहिले नाही. त्यानंतर जुन्या लाकडाचा पुनर्वापर वाढला असावा असा माझा तर्क आहे. मी पाहिलेल्या घरांत तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कामांत जुन्या खाचा जास्त सापडतात.

कौलांचे आता झटपट उरकतो. मंगलोरी कौलावरचे १८६५ हे त्या कौलाचे साल नव्हे. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला ते हे साल, आणि ते पुढेही कौलांवर छापले जात राहिले. दुसऱ्या एका कारखान्याच्या कौलांवर १८६८ असते, तेही स्थापनेचेच. लोक हा आकडा वाचून घराचे छप्पर दीडशे वर्षांचे ठरवतात. पहिल्या महायुद्धात जर्मन-स्विस मंडळी म्हणून बासेल मिशनचे कारखाने इंग्रज सरकारने ताब्यात घेतले आणि नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. त्यामुळे कौलावर बासेल मिशनचे नाव असेल तर ते बहुधा महायुद्धाआधीचे, एवढे म्हणता येते. पण कौले दर काही वर्षांनी फुटतात, बदलतात, शेजाऱ्याच्या पडक्या घरावरूनही येतात. छपरात मी कौलाआधी वासे बघतो. नळीच्या कौलांसाठी वासे आणि रिपांची मांडणी वेगळी लागते, मंगलोरी कौलाला रिपा ठरावीक अंतरावर लागतात. वाशांवर रिपांचे जुने खिळे किंवा बांधाचे व्रण भलत्याच अंतरावर दिसले, तर खाली आधीचे छप्पर दडलेले आहे. माडीच्या बाजूच्या भिंतीवर आतून जुन्या उताराची तिरकी रेघ गिलाव्यात दिसते का, तेही पाहा. बैठ्या घरावर माडी चढवली असेल तर ती रेघ बऱ्याचदा राहून जाते.

चौकातल्या खांबांवर तुमचा फार भरवसा दिसतो. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, वर केळफुलासारखी नक्षी, म्हणजे पेशवाई, असे तुम्ही लिहिले आहे. ही धाटणी पेशवाईत पुण्यातल्या वाड्यांत रुजली हे खरे. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० ची. त्यातले लाकूडकाम १८२८ च्या आगीत गेले. विश्रामबागवाडा १८०७ चा, त्याचे दर्शनी लाकूडकाम तुम्ही पाहिले असेलच. पण राज्य गेले म्हणून सुताराचा हात बदलत नाही. बापाने मुलाला जो खांब शिकवला तो मुलगा काढत राहिला. तुमच्या जवळचेच उदाहरण, भोरचा राजवाडा १८६९ चा. पेशवाई बुडून पन्नास वर्षे झाली होती, तरी चौक, सोपे, लाकडी खांब हे सगळे तिथे आहेच. म्हणून नक्षीवरून मी फार तर "याच्या आधीचे नसावे" एवढे म्हणतो; "याच्या नंतरचे नाही" असे कधीच म्हणत नाही.

नक्षीपेक्षा लाकडाची पाठ जास्त खरे बोलते, कारण तिथे कोणी रंधा मारत बसत नाही. कड्यांची वरची बाजू, भिंतीत गेलेला खांबाचा भाग, माळ्यावरचे वासे. तिथे वाकसाने तासलेले लाकूड असेल तर हाताला लहान लहान उथळ वाट्यांसारखे लागते. दोघांनी ओढलेल्या करवतीच्या खुणा सरळ पण थोड्या तिरक्या आणि अनियमित असतात. गोल पात्याच्या यंत्रकरवतीच्या खुणा मात्र कमानीसारख्या वळलेल्या. अशी फळी दिसली की ती विसाव्या शतकाकडची धरा. खिळ्यांचेही तसेच. लोहाराने ठोकलेला खिळा चौकोनी अंगाचा, निमुळता, डोके वेडेवाकडे. गोल तारेचा खिळा कारखान्याचा. कडीपाटात दोन्ही सापडले तर गोल खिळा बहुधा दुरुस्तीचा.

उथळ्यांकडे कोणी बघत नाही, आणि मला ते सगळ्यांत जास्त आवडतात. खांब सडतो, तुळई विकली जाते, उथळे सहसा तिथेच राहते. तुमच्या माजघरात डावीकडून दुसऱ्या खांबाचे उथळे अष्टकोनी, कोरीव आणि त्यावरचा खांब साधा चौकोनी, उथळ्याच्या माथ्यापेक्षा बराच बारीक. हा खांब या दगडासाठी घडवलेला नाही. त्या जागी पूर्वी जाड, बहुधा अष्टकोनी तळाचा खांब होता. चौकातल्या तुमच्या सुरूच्या खांबांचे तळ अष्टकोनी आहेत का, ते मोजून पाहा. मापे जुळली तर ते खांब एके काळी माजघरात उभे होते आणि १८९३ ला दर्शनी जागी आणले गेले, असे म्हणायला आधार मिळेल. नवे घर देखणे दिसावे म्हणून चांगले खांब पुढे आणि साधे मागे, ही कुठल्याही यजमानाला सुचणारी गोष्ट आहे.

तुम्ही "कार्बन डेटिंग करता येईल का" असेही विचारले आहे. करता येते, पण तुमच्या प्रश्नाला ते उपयोगी नाही. साधारण १६५० ते १९५० या काळातल्या लाकडासाठी त्या पद्धतीचे उत्तर एका सनावर येत नाही; वातावरणातल्या कार्बनच्या चढउतारामुळे दोन-तीन वेगवेगळे कालखंड तितकेच शक्य दिसतात. नेमका आपल्याला हवा तो काळ धूसर येतो. झाडाच्या वाढीची वलये मोजण्याची पद्धत अधिक नेमकी, आणि सागवान हे उष्ण प्रदेशातल्या मोजक्या झाडांपैकी एक, ज्याला वर्षाला स्पष्ट वलय पडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाळ्यांचा अभ्यास केलेला आहे. पण घराच्या तुळईसाठी त्याच भागातल्या झाडांची जुळणारी वलयमालिका लागते, आणि तासून घेतलेल्या तुळईची बाहेरची वलये गेलेली असतात. शिवाय दोन्ही पद्धती झाडाचे वय सांगतात. तुमच्या तुळईने दोन घरे पाहिली आहेत. त्यांतले कुठले केव्हा उभारले, हे प्रयोगशाळा सांगणार नाही.

इथवरचे थोडक्यात: शके १८१५ पक्का. तुळई त्याहून जुनी. कौलाचा आकडा बाद. चौकातले खांब कुठल्याही बाजूला जाऊ शकतात, उथळी त्यांचा निकाल लावतील.

कागदपत्रांत सातबारा शोधू नका, तो शेतजमिनीचा. घर गावठाणात आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ मिळेल, तो घरपट्टीचा. त्यात बांधकामाचा प्रकार लिहिलेला असतो, पण जुने रजिस्टर हाती लागले तरच इतिहासाला उपयोग. आता स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकतपत्रिका दिल्या जात आहेत. त्या मालकीसाठी घ्याच, वयासाठी त्यात काही नाही. खरे धन घरातल्या पेटीत असते: वाटपपत्र, खरेदीखत, गहाणखत. "पूर्वेकडील सोपा खण पाच, त्यावरील माडीसह, चौक समाईक" अशी ओळ सापडली की ती तुमच्या शेकडो फोटोंपेक्षा मोलाची. वाटपपत्र १८९३ च्या आधीचे असेल आणि त्यात माडी नसेल, तर काम झाले. एकोणिसाव्या शतकातले कागद मोडीत असणार. मोडी वाचणारी माणसे पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाकडे विचारलेत तर भेटतील. घराण्याकडे वतन किंवा इनाम होते असे तुम्ही म्हणता. सातारा संस्थान १८४८ ला खालसा झाले, १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांकडून पुरावे मागवले गेले. त्या काळातले कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या पेशवे दप्तराच्या जागी, शोधता येतात. त्यातून घराण्याची जागा आणि काळ कळतो. घराचे वर्णन मिळाले तर नशीब समजा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना "घर किती जुने?" असे विचारू नका. त्याला तीनशे वर्षे हेच उत्तर येते, कारण त्याहून मोठा आकडा कोणी खरा मानत नाही आणि त्याहून लहान सांगण्यात मान नाही. त्याऐवजी विचारा: बाळंतिणीची खोली कुठली होती? पूर्वी चूल कुठे होती? प्लेगात रानात झोपड्या करून राहिलो तेव्हा घरात कोण थांबले? कुठल्या खोलीत जायला आजी कंटाळायची? चुलीचे उत्तर तर ताबडतोब तपासता येते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या चूल होती तिथले वासे आणि कड्या धुराने काळ्याकुळकुळीत, तकतकीत झालेल्या असतात. काळा वासा आज माडीवर, चुलीपासून लांब दिसला, तर तो तिथला नव्हे.

काळेपणाच्या बाबतीत एक सावधगिरी. धुराची काजळी पुसली की खाली लाकूड धड असते. जळलेले लाकूड कोळशासारखे तडकलेले, चौकटी-चौकटी पडलेले असते. जळण्याच्या खुणा असतील तर घरात आग केव्हा लागली हे विचारावे लागेल. आपल्या भागात गांधीहत्येनंतर, १९४८ च्या फेब्रुवारीत, ब्राह्मणांची अनेक घरे जाळली गेली. कित्येक वाड्यांची माडी तेव्हा गेली आणि पुढे साध्या लाकडात बांधली गेली. तुमच्या घराला हे लागू आहे की नाही मला ठाऊक नाही. लागू असेल तर म्हातारी माणसे आपणहून बोलत नाहीत; हळू विचारा. दुसरी तारीख ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप. त्या पहाटे सातारा जिल्ह्यात भिंतींना पडलेल्या भेगा नंतर सिमेंटने भरल्या गेल्या. तुमच्या सोप्याच्या दगडी भिंतीतले राखाडी दर्ज (दगडांमधले भरलेले सांधे) त्या वेळचे किंवा त्यानंतरचे असावेत. लोकांना ते मजबुतीचे वाटतात. दगडमातीच्या भिंतीत ते ओल कोंडून धरतात आणि आतला खांब सडवतात, तेव्हा दुरुस्तीत ते काढून चुना भरावा लागेल.

आज मला विचाराल तर तुमच्या घराचा क्रम मी असा मांडेन. मापे आली की तो बदलायची माझी तयारी आहे. जोते, देवघराचा भाग आणि माजघरातली अष्टकोनी उथळी सर्वांत जुनी. अठराव्या शतकातली असू शकतील, पण तसे ठामपणे म्हणायला अजून आधार नाही. त्यावर एक बैठे घर होते, चांगल्या घडीव खांबांचे. १८९३-९४ ला पुढचा भाग उतरवून, तेच लाकूड फिरवून वापरून, माडीसह सोपा उभा राहिला. दर्शनी भाजक्या विटांची भिंत त्याच कामातली दिसते. मंगलोरी कौले त्याच वेळी किंवा थोडी नंतर. १९६७ नंतर सिमेंट. आजोबांचे शाहू महाराज जोत्यात असतील; माडीत तर नक्कीच नाहीत.

कोकणात तुमचे घर असते तर यातले बरेच बदलले असते. जांभ्याच्या भिंती, वेगळे लाकूड, पावसाचा वेगळा हिशेब. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरात छपराची सगळी कसोटी निराळी. तेव्हा हे उत्तर वाचून कोणी आपल्या रत्नागिरीच्या घराला लावू नये.

आता करायचे काय. प्रत्येक खांबाला खडूने क्रमांक द्या, कागदावर साधा नकाशा काढा, आणि प्रत्येक क्रमांकापुढे पाच गोष्टी लिहा: खांबाचा आकार आणि जाडी, उथळ्याचा आकार, शेजारच्या खांबापर्यंतचे अंतर, मोकळ्या खाचा कुठल्या अंगावर नि किती उंचीवर, आणि पाठीवरच्या हत्याराच्या खुणा. फोटो दिवसा फ्लॅश लावून काढू नका. अंधार पडल्यावर टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. वाकसाच्या वाट्या, बुजवलेल्या खाचा आणि सुतारांनी जोड ओळखण्यासाठी केलेल्या बारीक रेघा तेव्हाच उठून दिसतात. तशा रेघा सापडल्या तर मला आवर्जून कळवा. खांबावरच्या आणि तुळईवरच्या खुणा एकमेकींशी जुळत नसतील, तर सांगाडा कुठे उलटसुलट बसवला गेला हे त्यातून समजते.

हे होईपर्यंत लाकडाला ऑइलपेंट, पॉलिश, घासकाम काही नको. वाळूचा फवारा मारून लाकूड "नवे" करून देणारा कोणी आला तर त्याला चहा देऊन परत पाठवा; तुमच्या घराचे सगळे कागद त्या वरच्या एक-दोन मिलिमीटरच्या थरात आहेत. खांबाचे बूड सडले असेल तर सगळा खांब बदलायची गरज नाही, सडका भाग कापून खाली नवा तुकडा सांधता येतो, आणि ते काम तुमच्या भागातले जुने सुतार अजून करतात. ठेकेदाराला एवढ्यात तुळईला हात लावू देऊ नका. त्याला काम हवेच असेल तर पावसाळ्याआधी छप्पर शाकारायला सांगा, फुटकी कौले बदला आणि चौकातल्या पाण्याची मोरी मोकळी करून घ्या. बुजवण्यांमधले अंतर आणि माजघराचा खण, ही दोन मापे सगळ्यांत आधी पाठवा.